गाण्याआधीची फीत

प्रत्येक गाण्याआधी शेठ बोलायचे.
"अ बाजू. गाणं तीन. टेक सात. पंखा बंद."
मग खोकला, मग दोन मोजण्याइतकी शांतता,
मग गाणं.
माझं काम गाण्याआधीचं कापायचं.
ब्लेड दाढीचं, पगार दोनशे चाळीस,
सातपूरच्या शेडमध्ये आम्ही अकरा जणी
आणि सगळ्यांत हलका हात माझा.

करडेशेठ तांबट आळीतले.
बाप घंगाळं ठोकायचा,
ठोकून झालं की पेरानं टिचकी मारून
कान तिरका करायचा:
चीर गेली असेल तर भांडंच सांगतं.
तीच टिचकी शेठनी माणसांना मारली.
गाणारा आला की म्हणायचे, आधी गाऊ नका,
कसे आलात ते सांगा.
एस.टी.चं भाडं, घोटीला गाडी बंद, पोराचा ताप;
तेवढ्यात त्यांना कळायचं
आत पोकळी किती आहे
आणि नाद कुठे अडतोय.

दिवसभर आळीत हातोड्या, म्हणून रेकॉर्डिंग रात्री.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला गोधडी.
एकदा भजनाच्या तिसऱ्या कडव्यात
देवळालीकडे तोफ उडाली, सराव चालला होता.
पुन्हा घ्यायला फीत नव्हती उरली.
"राहू दे," म्हणाले, "लोक ढोल समजतील."
समजलेच. दिंडोरीहून एकानं कार्ड टाकून
त्या ढोलवाल्याचं नाव विचारलं.

एक्क्याण्णवचा सिंहस्थ.
रामकुंडाच्या उतारावर हातगाडीत
आमच्या कॅसेटी, यंत्रातून काढलेल्या,
डब्या अजून कोमट.
निम्म्या एकट्या ठकूबाई सांगळेच्या,
नांदूर शिंगोट्याची.
एका रात्रीत दहा गाणी,
सातशे एकावन्न रुपये, एक इरकल
आणि कागदावर अंगठा.
त्या कागदाला साक्षीदार मी.
सही शाळेतली, वळणदार.

चार वर्षांनी ती आली, दुकानाबाहेर उभी.
आत तिचाच आवाज लागलेला.
शेठनी बसवलं, चहा मागवला, नातवाला श्रीखंडाच्या गोळ्या.
पैशांचं काही निघालं नाही.
जाताना मला म्हणाली, "पोरी, बरी गायले का गं मी तवा?
पुरतं आयकलंच न्हाई. आमच्याकडं यंतर न्हाई."
शेठ हिशेबाची वही उलटी धरून वाचत होते.
दुसऱ्या दिवशी सिन्नरच्या गाडीत
त्यांनी एक टेपरेकॉर्डर चढवला.
भरपाई म्हणू की आणखी एक गिऱ्हाईक केलं म्हणू,
मला अजून ठरवता येत नाही.

पुढच्या सिंहस्थात तीच गाणी
दहा रुपयांच्या सीडीवर, शंभर एकत्र,
वर भलत्याच देवाचा फोटो.
मग 'ताम्रनाद'चं सगळं मुंबईच्या कंपनीनं घेतलं,
वजनावर नाही, पण जवळजवळ.
टेम्पो निघाला तेव्हा शेठ द्वारकेपर्यंत
मागे चालत गेले, हातात पावतीपुस्तक.
सिग्नल सुटला.

गेल्या मार्गशीर्षात गेले.
पेपरात 'ज्येष्ठ निर्माते', फोटो चष्म्याशिवायचा,
ओळखूच आले नाहीत.
गाणी आता सुनेच्या फोनवर आहेत.
ठकूबाई आहे, तोफसुद्धा आहे.
शेठ कुठेच नाहीत.
मीच कापले ना, सफाईनं.

पण फेकलं नव्हतं काही.
बिस्किटांच्या डब्यात तुकडे होते, वीतभर, चार बोटं.
काल चिकटपट्टी घेऊन बसले,
अठ्ठावीस जोडले, जुन्या टेपवर लावले.
टेक दोन. टेक अकरा. पंखा बंद. खोकला.
ब बाजू. कोण हसतंय? पंखा बंद.
एकोणिसाव्या तुकड्याच्या टोकाला
माझं ब्लेड हुकलं असणार:
तिथं ठकूबाईचा श्वास आहे, आत घेतलेला.
सोडलेला तिकडे, कंपनीकडे.